ओटीवरची घरघंटी

भागूबाई : “जात्याला गं दोन हात, एक माझा, एक तुझा, एकटीनं ओढू कसा, दगडाचा जड बोजा...” अशी गायची माझी सासू. मी नवी नवरी, पहाटेची पेंगायची, खुंट्यावरचा हात सुटायचा. तर ती शिवी नाय द्यायची गं, गाण्यातनंच हाक मारायची. किती वर्षं झाली! पण आवाज अजून कानात हाय. काशाच्या वाटीला नख लावावं तसा.

तस्लीम : गाणं चालू ठेवा मावशी. पण पाय उचला आधी. त्या गोणपाटाखाली वायर आहे.

भागूबाई : बंद हाय ती. कालच मेन पाडला मी.

तस्लीम : तुम्ही पाडलात?

भागूबाई : मग काय वाघोबा येणार पाडायला? लाकडी पाटावर उभी राहिले, सुकी काठी घेतली नि पाडला. विजेच्या कारखान्यात जन्म काढलेल्या माणसाची बायको हाय मी. भिवपुरीच्या क्वार्टरात उभा संसार झाला माझा.

तस्लीम : आणि त्या माणसाच्या घरात ही असली वायर!

भागूबाई : तो असता तर नसती लावली. तू शब्बीरची ना गं? चौक गावच्या नाक्यावरल्या?

तस्लीम : हो. तस्लीम. अब्बांचे गुडघे आता शिडी चढायला नाही म्हणतात, म्हणून घरोघरची विजेची कामं मीच करते. सकाळी तुमच्या जितेशदादांचा फोन आला. म्हणाले, आईकडे ओटीवर धूर झालाय, जाऊन बघ आणि तिथूनच मला फोन कर.

भागूबाई : धूर कुठं बोलले मी? जळका वास आला, एवढंच बोलले.

तस्लीम : कशाला बोललात मग, लपवायचंच होतं तर?

भागूबाई : फोनवर बोलायला काय तरी लागतं ना. जेवलीस का, जेवले. गोळी घेतलीस का, घेतली. पुढं काय बोलायचं? म्हणून वासाचं बोलले.

तस्लीम : सरका जरा. गोणपाट उचलते... बाप रे. मावशी, बघा हे. अर्धी वायर उलगडलेली आणि अर्धी वेटोळं घालून खाली दाबलेली.

भागूबाई : येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पायात येऊ नये म्हणून. बाया डोक्यावर पाटी घेऊन येतात, खाली बघत नायत. एखादी पडली-झडली तर?

तस्लीम : वायर उलगडून मोकळी ठेवली की तिची गरमी हवेत जाते. गुंडाळली की एका वेढ्याची गरमी दुसऱ्याला. वर तुम्ही गोणपाट पांघरलात, थंडीत पोराला गोधडी घालावी तसं. हात लावा. आता लावा, गार आहे. प्लॅस्टिक कसं चिकटलंय एकमेकाला.

भागूबाई : गुळाच्या ढेपेसारखं झालंय गं.

तस्लीम : आणि गोणपाटाला हे भोक. अजून थोडा वेळ गेला असता तर वरची वाशांची लाकडं होती. तुम्ही कुठं होतात तेव्हा?

भागूबाई : इथंच. पायरीवर बसले होते. वाटेकडं बघत.

तस्लीम : या बोर्डाला काय काय लावता?

भागूबाई : घंटी. दळणाची.

तस्लीम : आणि?

भागूबाई : आणि काय? घंटी.

तस्लीम : दुसरं भोकही काळं पडलंय. भूत येऊन प्लग लावून गेलं का?

भागूबाई : ...शेगडी. ती सपाट, काचेची. जितूनं दिलेली.

तस्लीम : इंडक्शन? इथं ओटीवर?

भागूबाई : दळायला बाई आली तर तिला चहा नको? मी चहा ठेवायला आत गेले की तेवढ्यात ती उठायची. “येते गं भागू” बोलायची नि चालू पडायची. दळण ठेवून जायची, संध्याकाळी पोर धाडायची न्यायला. मग मी काय केलं, शेगडीच बाहेर आणली. इकडं घंटी फिरतेय, तिकडं चहा उकळतोय, मधी आमी दोघी. उठून जाईल कशी?

तस्लीम : डोकं तर भारी चालवलंत. पण मावशी, ती शेगडी एकटी तुमच्या घंटीच्या दुप्पट वीज खाते. आणि ही वायर आहे मोबाईल नि टेबलफॅनसाठी. तिच्या अंगातली तार बघा, शिवायच्या दोऱ्याएवढी. हिच्यावर घंटी आणि शेगडी एकदम म्हणजे रिक्षात खडीचा ट्रक ओतल्यासारखं.

भागूबाई : दुकानवाला बोलला, चार भोकं हायत, चार वस्तू चालतील.

तस्लीम : भोकं चार असली तरी वायर एकच ना! सगळ्यांचं ओझं तिच्याच पाठीवर. आणि हा काय प्रकार? घंटीचा प्लग मोठ्या पिनांचा, आणि हा मधे कन्व्हर्टरचा डबा जोडून छोट्या भोकात कोंबलाय. याची वरची जाड पीन कुठं गेली?

भागूबाई : ती बसत नव्हती.

तस्लीम : म्हणून?

भागूबाई : मोडली. पक्कडीनं.

तस्लीम : मावशी! ती अर्थिंगची पीन. घंटीच्या पत्र्यात कुठं वीज उतरली तर तिला जमिनीत न्यायची वाट ती. खरं सांगा, घंटीला हात लावल्यावर मुंग्या येतात का?

भागूबाई : येतात कधीमधी. मला वाटलं वय झालं.

तस्लीम : हसू नका. मी पण हसत नाही.

भागूबाई : हसतेयस की.

तस्लीम : बरं, हसले. आता ऐका. ही वायर मी कापून टाकते, म्हणजे कुणी पुन्हा लावायला नको. घरातली बाकी लाईन बघितली मी, चांगली आहे. मेन चढवते. काल रात्रभर अंधारात होतात?

भागूबाई : कंदील होता ना. कंदिलाला काय लागतं, थोडं रॉकेल नि एक माणूस.

तस्लीम : चढवला. लागला दिवा. स्वयंपाकघरात ओट्याजवळ मोठा पॉइंट आहे, बघितलात? पंधरा अँपियरचा. जाड वायर, त्याची त्याला वेगळी एमसीबी, लोड वाढला की आपोआप पडणारी. अब्बांनीच लावलेला, त्यांचा हात ओळखते मी. घंटीचा प्लग सरळ त्या भिंतीतल्या पॉइंटमधे. मधे ना बोर्ड, ना डबा. घंटीला चाकं आहेत. चला, ढकलू आत.

भागूबाई : आत नाय.

तस्लीम : का?

भागूबाई : देव्हारा हाय तिथं. देवाच्या डोक्यावर पीठ उडंल.

तस्लीम : झाकणाची घंटी आहे. पीठ खालच्या डब्यात पडतं.

भागूबाई : उंबरा उंच हाय.

तस्लीम : फळी लावू.

भागूबाई : आत आवाज घुमतो.

तस्लीम : आणि इथं नाही घुमत?

भागूबाई : इथं बाहेर जातो ना गं. वाटेवर.

तस्लीम : थांबा. मी दादांना फोन लावते, स्पीकरवर. तुम्ही दोघं ठरवा... हॅलो, जितेशदादा? तस्लीम बोलते, चौकहून. तुमच्या आईकडेच आहे.

जितेश : हां, बोल. काय निघालं?

तस्लीम : एक्स्टेंशन जळलंय. घंटी आणि इंडक्शन एकाच बारीक वायरीवर. वायर गुंडाळून गोणपाटाखाली.

जितेश : मला माहीतच होतं! आई, आहेस का तिथं? तुला किती वेळा सांगितलं, घंटी आत ठेव म्हणून?

भागूबाई : जेवलास का रं?

जितेश : जेवलो. आई, विषय बदलू नको. आमच्या कंपनीत एक वायर उघडी दिसली तरी सेफ्टीवाला आख्खी लाईन बंद करतो. आणि तू घरात भट्टी लावून बसलीस.

भागूबाई : भट्टी नाय. घंटी.

जितेश : तेच ते. आता ऐक, आज घंटी आत जाणार. तस्लीम, तिच्यादेखत आत लाव. आणि आई, तुला ते जमत नसेल तर रविवारी मी टेंपो घेऊन येतो नि घंटी इकडं साजगावला घेऊन येतो. सोनालीच्या ओळखीची एकजण विकत घेईल. तू विकतचं पीठ खा, पण जिवंत राहा.

भागूबाई : रविवारी येशील?

जितेश : घंटी न्यायला येईन म्हणतोय!

भागूबाई : ते ऐकलं. येशील ना पण?

जितेश : आई...

भागूबाई : मागच्या रविवारी पण बोलला होतास.

जितेश : ओव्हरटाइम लागला. सांगितलं होतं ना तुला. पोरीचा क्लास, सोनालीची ड्युटी... इथून तिथं यायला वेळ लागत नाय, निघायलाच लागतो. बरं, घंटीचं बोल. आत लावायची का न्यायची?

भागूबाई : नेऊन कसं चालंल? आवडीचं दळण पडलंय, मंगळीचं पडलंय. लोकांची भाकरी अडवू का मी?

जितेश : आवडीकाकूचं?

भागूबाई : तिचंच. तांदूळ.

जितेश : आवडीकाकू लेकीकडं गेलीय ना, कळंबोलीला? दशरथ भेटला होता खोपोलीच्या स्टँडवर. म्हणाला, आईला आता तिकडंच ठेवलं कायमचं.

भागूबाई : ...गेली. पण दळण ठेवून गेली.

जितेश : बरं, आई, चहाची सुट्टी संपली, सुपरवायझर बघतोय. तस्लीम, तू आत लाव. मी करतो परत फोन.

तस्लीम : ठेवला त्यांनी.

भागूबाई : कामावर हाय ना. घाईत असतो. लहान असताना पण असाच, घास तोंडात नि पाय अंगणात.

तस्लीम : मावशी, मी घंटीभोवतीचे हे डबे आत नेते आधी. म्हणजे घंटीला वाट होईल.

भागूबाई : डबे राहू दे.

तस्लीम : जड नाहीत मला. हा कुणाचा?

भागूबाई : मंगळीचा. राहू दे बोलले ना.

तस्लीम : झाकण उघडं होतं, म्हणून दिसलं. पिठाला जाळी धरलीय. किडे फिरतायत आत.

भागूबाई : न्यायला आली नाय अजून. विसरली असंल.

तस्लीम : आणि हा?

भागूबाई : तो... हिरूच्या घरचा.

तस्लीम : सगळ्यांत तांदळाचंच पीठ. एकाच तांदळाचं. आणि डबे सगळे एकाच दुकानाचे, नवे.

भागूबाई : तू वायरी जोडायला आलीस का डबे मोजायला?

तस्लीम : रागावू नका. मला एक कळत नाही, म्हणून विचारते. एखाद्या दळणानं वायर गरम होते, वास येतो. पण अशी वितळून गोळा होत नाही. ही रोज चाललीय. तासन्‌तास. एवढं दळण या वाडीत आहे तरी कुणाचं?

भागूबाई : पाणी पितेस का?

तस्लीम : पिते. तुम्ही बसा, मी घेते.

भागूबाई : नाय, मी देते. तू पाव्हणी हायस... घे. माठातलं हाय. अशी बस पायरीवर. ही समोरची वाट दिसते ना तुला? ही नळाची वाट. खाली वळणावर सार्वजनिक नळ होता. सकाळ झाली की बाया इथनंच जायच्या, इथनंच यायच्या. हंडे ठेवायच्या ओटीवर, दम खायच्या. कुणाची सून कशी, कुणाची म्हैस कशी. जितूनं घंटी आणून दिली तेव्हा बोलला, आई, तुझा वेळ जाईल. खरंच जायचा. पाण्याला आलेली बाई जाताना दळण टाकून जायची. मग घरोघर नळ आले. चांगलंच झालं, डोक्यावरचा भार गेला बायांच्या. मला पण आला नळ. चावी फिरवली की पाणी. तेव्हापासनं वाट अशीच. बघ, गवत आलंय मधनं.

तस्लीम : पुरुषमाणसं तरी जात असतील.

भागूबाई : मोटारसायकलीवर. हात दाखवतात. मी हात वर करेपर्यंत वळण संपतं.

तस्लीम : क्वार्टर सोडून इथं यायला नको होतं तुम्ही.

भागूबाई : सोडायलाच लागतं ना गं, नोकरी सुटली की. तिथं रातंदिस आवाज असायचा. डोंगरावरनं पाणी नळातनं खाली यायचं, खाली चक्रं फिरायची. भिंतीला कान लावायला नको, भिंतच बोलायची. लग्न होऊन गेले तेव्हा झोप लागत नव्हती. मग असं झालं, कधी मशीन बंद पडलं की आख्ख्या क्वार्टरला जाग यायची. बाया दारात येऊन उभ्या, काय झालं, काय झालं. माझा येसाजी रिटायर झाल्यावर इथं आलो, तर पहिल्या रातीला मी त्याला बोलले, या गावात कुणी मेलंय का? एवढं गप का? तो हसला. बोलला, भागू, हळूहळू सवय होईल. सवय व्हायच्या आधी तोच गेला.

तस्लीम : आमच्याकडे उलटं आहे. हायवे, गॅरेज, हॉर्न. अम्मी म्हणते, एक दिवस तरी गप बसा रे सगळे.

भागूबाई : तिला सांग, मागू नको असलं काय.

तस्लीम : मावशी, मी एक करू शकते. मीटरपासून इथं ओटीवर जाड वायर ओढते, पाइपातून, भिंतीच्या कडेनं. घंटीला तिचा मोठा पॉइंट, शेगडीला तिचा वेगळा, दोघींना आपापली एमसीबी. अर्थिंग तपासून देते. मग घंटी इथंच राहील. मुंग्या नाहीत, वास नाही. फक्त दळून झालं की प्लग काढायचा, आणि बोर्डाची वायर परत कधी आणायची नाही.

भागूबाई : करशील? आजच?

तस्लीम : सामान आणून उद्या. पण दादांनी आत लाव म्हणून सांगितलंय. त्यांना काय सांगू? ते विचारणार, एवढा खटाटोप ओटीवर कशासाठी?

भागूबाई : सांग, बायांना बरं पडतं.

तस्लीम : कुठल्या बायांना?

भागूबाई : तू सांग एवढंच.

तस्लीम : मी खोटं नाही बोलणार, मावशी. धंद्यात अब्बांनी एवढंच शिकवलंय. तुम्ही सांगा त्यांना. जे असेल ते.

भागूबाई : तो रोज विचारतो, आई, घंटी जोरात ना? मी बोलते, जोरात. आज चार बाया आल्या, आज बसायला जागा नव्हती. मग त्याचा आवाज बदलतो. सैल होतो. फोन ठेवताना हसतो पण कधी. दोन खोल्यांत राहतात गं ते, तिथं मला कुठं नेणार? त्याला पण मनात खातच असंल. घंटी चाललीय म्हटलं की त्याच्या डोक्यावरची एक पाटी उतरते. ती परत कशी चढवू?

तस्लीम : आणि काल वाशांनी पेट घेतला असता, तर कुठली पाटी चढली असती त्यांच्या डोक्यावर?

(तस्लीमचा फोन वाजतो. ती तो स्पीकरवर लावून पायरीवर, दोघींच्या मधे ठेवते.)

जितेश : तस्लीम, झालं का? नेली आत?

तस्लीम : नाही दादा. मावशींना बोलायचंय.

जितेश : आई, पटकन बोल हां. मशीनजवळ उभा आहे मी.

भागूबाई : उभा हायस? बस जरा.

जितेश : इथं कुठं बसू? बोल ना.

भागूबाई : आवडीचं तू बोललास ते खरं. ती गेली. दळण ठेवून नाय गेली.

जितेश : मग मघाशी...

भागूबाई : मंगळी दुकानातनं पिशवीतलं पीठ आणते. हिरूची सून कंपनीच्या बसनं जाते, दिवा लागल्यावर येते. तिला कुठला वेळ?

जितेश : म्हणजे दळण कमी झालंय का? मग चांगलंच की. आत ठेवायला काय हरकत?

भागूबाई : कमी नाय रं झालं. नायच. दिवाळीपासनं दळायला कुणी आलं नाय.

जितेश : कुणीच नाय? परवा तर म्हणालीस, ओटी भरली होती.

भागूबाई : बोलले.

जितेश : आई... मग घंटी चालते कुणासाठी? वायर जळेपर्यंत काय दळत होतीस तू?

भागूबाई : घरचाच तांदूळ. थोडा थोडा टाकायचा, म्हंजे ती फिरत राहते. पीठ कुणाला नको हाय, मला पण नको. वाटेनं कुणी गेलंच, तर त्याला ऐकू यावं, या घरात माणूस हाय.